हिल्डिंगची साखर आणि मेर्ताचे लाटणे

मित्रांनो, मी एक जुने लाटणे आहे. तुमच्या पोळपाटावर फिरते त्या लाटण्यापेक्षा मी बराच जाड आहे, आणि माझ्या अंगभर बारीक चौकोनी खाचा आहेत. या खाचांमुळे भाकरीला टोचे पडतात आणि ती भट्टीत फुगत नाही. आमच्याकडची भाकरी फुगायची नसते. ती कागदासारखी पातळ आणि कुरकुरीत व्हायची असते. हल्ली माझ्या एका टोकाला चीर गेली आहे. ती कामाने गेलेली नाही, पडून राहून गेली आहे.

माझे लाकूड बर्चचे. उत्तर स्वीडनमध्ये ओंगर्मन नदीच्या काठी जे गाव आहे, तिथल्या एवर्त नावाच्या लाकूडतोड्याने मला कोरले. त्याच्या मुलाचे, हिल्डिंगचे, लग्न ठरले होते आणि घरात येणाऱ्या सुनेला स्वतःच्या हाताने केलेले काहीतरी द्यावे असे त्याच्या मनात होते. हिवाळाभर तो चुलीजवळ बसून माझ्या खाचा पाडत होता. सुनेचे नाव मेर्ता. तिने मला हातात घेतले, अंगठा माझ्यावरून फिरवला आणि सासऱ्याला म्हणाली, "एका बाजूला जरा जड झालंय, पण मला जडच आवडतं." एवर्त खूश झाला. तो फार बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याने दोनदा कॉफी घेतली.

गावाच्या कडेला सगळ्यांच्या मालकीचे एक भट्टीघर होते. वसंतात आणि शरदात तिथली भट्टी पेटायची. बायका पाळीपाळीने यायच्या, जवाचे आणि राय नावाच्या धान्याचे पीठ मळायच्या, आणि वर्षभर टिकतील अशा भाकऱ्या करून न्यायच्या. तिथे मेर्ताचे नाव झाले. तिच्या हाताखाली मी असा फिरायचो की पिठाला आपण कधी पसरलो ते कळायचे नाही. लाकडाच्या लांब काठीवर ती भाकरी उचलायची आणि न फाटता भट्टीत सोडायची. इतर बायका आपले काम थांबवून बघत. लेकीबाळी दूरच्या शहरांतून आल्या की जाताना मेर्ताच्या भाकऱ्यांची चवड मागून नेत.

हिल्डिंग लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. अंगाने आडवा, आवाज मोठा, आणि चारचौघांत बोलायची हौस. तो सगळ्यांना सांगायचा, "माझ्या बायकोच्या भाकरीआड वर्तमानपत्र धरा, अग्रलेखसुद्धा वाचता येतो." रोज सकाळी तो पाणी शिंपडून भाकरी मऊ करायचा, लोणी आणि बटाटा घालून तिची गुंडाळी करायचा, वर काकवी ओतायचा, आणि दुसरी गुंडाळी हातात धरूनच घराबाहेर पडायचा. मेर्ता त्याच्याकडे खिडकीतून बघत राहायची. ते माझे सुखाचे दिवस होते. ते किती चांगले होते हे मला त्या वेळी कळले नव्हते.

मग हिल्डिंगला तहान लागू लागली. ट्रकमध्ये पाण्याच्या बाटल्या साठू लागल्या. दर गावाला गाडी थांबवून तो झाडामागे जायचा. एका संध्याकाळी तो म्हणाला की रस्त्यावरच्या पाट्या धूसर दिसतात, चष्मा बदलायला झाला असेल. मेर्ताने चष्म्याचे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याला आरोग्यकेंद्रात नेले. तिथली नर्स मायलिस हिची मेर्ताशी शाळेपासूनची ओळख होती. रक्त तपासले गेले. मधुमेह निघाला, दुसऱ्या प्रकारचा. साखर इतकी वाढलेली होती की अशीच राहिली तर जड वाहन चालवण्याचा परवाना धोक्यात येईल, असे मायलिसने स्पष्ट सांगितले.

त्या भेटीत काय झाले ते मला मेर्ताच्या बोलण्यातून कळले. घरी येऊन तिने फोनवर सगळे आपल्या बहिणीला, गुन्वरला, सांगितले. मायलिस म्हणाली होती की गोळ्या तर आहेतच, पण त्यांच्या जोडीला कर्बोदके कमी करून बघता येईल. भाकरी, पाव, बटाटा, भात, साखर, सगळेच अगदी थोडे. सगळ्यांनाच ते मानवते असे नाही, पण काहींची साखर त्याने चांगली खाली येते. मात्र खाणे बदलले की गोळ्यांचे प्रमाणही बदलावे लागते, तेव्हा आपल्या मनाने काही करायचे नाही, केंद्राला कळवत राहायचे. हिल्डिंग टेबलाच्या काठाकडे बघत बसला होता. प्रश्न मेर्ताने विचारले. रताळे चालेल का, बेरी किती खायच्या, दूध कसे. हिल्डिंगने विचारला तो एकच प्रश्न. परवाना राहील ना.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "भाकरी सोडून जगायचं असेल तर मेलेलं काय वाईट?"

मेर्ताने सकाळी पिठाची पिंपे शेजारी देऊन टाकली. भाकऱ्यांचा डबा रिकामा करून धुतला आणि उन्हात उपडा घातला. मग मला पुसून स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत खालच्या खणात, टेबलक्लॉथांच्या खाली ठेवले. माझ्यावर तिचा राग नव्हता. घरात भाकरीचा वास असला की या माणसाला धीर धरवणार नाही, हे तिला माहीत होते. तिला एकटीला खाता आली असती, डॉक्टरांनी तिला काही बंदी केली नव्हती. पण त्या दिवसापासून तिनेही भाकरी खाल्ली नाही.

मित्रांनो, खणात दिवस दिसत नाही, पण स्वयंपाकघर सगळे ऐकू येते. मी ऐकत राहिलो. कोबीची पाने लोण्यात परतल्याचा आवाज, त्यांत एल्क हरणाचा खिमा गुंडाळल्याचा आवाज. बटाट्याऐवजी फुलकोबी शिजवून घोटल्याचा आवाज. पहिल्या आठवड्यात हिल्डिंगने तो वाडगा दूर सारला आणि म्हणाला, "हे सशापुढे ठेव."

"ससा ट्रक चालवत नाही," मेर्ता म्हणाली, आणि तिने त्यात लोणी आणि जुने चीज घालून वाडगा पुन्हा पुढे ठेवला. त्याने खाल्ला. कुरकुर करत खाल्ला, पण खाल्ला.

तो चोरूनही खायचा. पेट्रोलपंपावर थांबून वेलचीचा गोड पाव घ्यायचा. त्याच्या जॅकेटला वास यायचा आणि मेर्ताला तो दारातच कळायचा. तिने त्याबद्दल भांडण काढले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लवकर उठू लागली आणि त्याच्याबरोबर डबा देऊ लागली. उकडलेली अंडी, तळलेला मासा, काकडी, थर्मासमध्ये गरम रस्सा. भूक लागेल तेव्हा गाडी थांबवायची वेळच येऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. पुढे पुढे जॅकेटला डिझेलचाच वास येऊ लागला.

एका दुपारी तो घरातच घामाघूम झाला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळू लागले. मेर्ताने त्याला चटकन फळांचा गोड रस पाजला आणि मायलिसला फोन केला. साखर खाली आली होती आणि गोळ्या पूर्वीच्याच होत्या, त्यामुळे ती फारच उतरली होती. कळवायला हवे होते ते हिल्डिंगने कळवले नव्हते. डॉक्टरांनी त्यातली एक गोळी बंद केली. त्यानंतर केंद्राशी बोलणे मेर्ताने स्वतःकडे घेतले. रोज संध्याकाळी ती त्याला स्टुलावर पाय ठेवायला लावायची आणि दिवा जवळ घेऊन तळवे बघायची, कारण या आजारात पायाला लागलेले कळत नाही, असे मायलिसने बजावले होते. हिल्डिंग तेवढा वेळ टीव्ही बघायचा.

वर्ष उलटले. त्याचा पट्टा आत आत जाऊ लागला. साखर ताब्यात आली, दिसणे सुधारले, परवाना राहिला. डॉक्टरांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले, म्हणे. त्याने ते घरी येऊन सांगितले तेव्हा मेर्ता भांडी घासत होती, आणि मला खणात तिच्या हसण्याचा आवाज आला. किती तरी दिवसांनी आला.

इथपर्यंत ही गोष्ट चांगली आहे. कोणी इथेच थांबवली असती तर बरे झाले असते.

गावात हिल्डिंगची चर्चा होऊ लागली. दुकानात लोक त्याला थांबवून विचारायचे, कसे काय जमवलेस. त्याला ते फार आवडू लागले. मग गावच्या मंडळाने त्याला सभागृहात बोलायचे आमंत्रण दिले. दिवस ठरला. आलेल्या लोकांना काय द्यायचे हेही ठरले, अर्थात मेर्ताने करायचे. त्या सकाळी ती भरलेल्या अंड्यांची ताटे लावत होती तेव्हा हिल्डिंग आत आला आणि म्हणाला, "तुझं ते लाटणं कुठंय? मला आज लागेल."

तिने खण उघडला. मला बाहेर काढले. किती काळाने मी उजेड बघितला. तिने मला कोरड्या फडक्याने पुसले, मग हातावर जवसाचे तेल घेऊन माझ्या प्रत्येक खाचेत चोळले. तिचा चेहरा उजळला होता. हा आज माझ्याबद्दल काही बोलणार आहे, असे तिला वाटले. मलाही तसेच वाटले. तिने वेणी पुन्हा घातली आणि निळा स्वेटर चढवला.

सभागृह भरले होते. हिल्डिंग पुढे उभा राहिला आणि त्याने मला डोक्यावर उंच धरले.

"हा बघा माझा शत्रू," तो म्हणाला. "तीस वर्षं माझी बायको मला ह्यानं मारत होती, आणि मी समजत होतो की ती माझ्यावर प्रेम करतेय."

सगळे हसले. मागच्या रांगेतली माणसे वळून मेर्ताकडे बघून हसली. ती कॉफीचा जग घेऊन दाराशी उभी होती. तीही हसली, कारण सगळे बघत होते. कोणीतरी विचारले की हे एवढे जमले कसे. हिल्डिंग म्हणाला, मनावर घेतले. माणसाने एकदा ठरवले की झाले. कोणाची मदत लागत नाही, फक्त इथे लागते. असे म्हणून त्याने माझ्या टोकाने आपल्या कपाळावर टकटक केले.

मायलिस दुसऱ्या रांगेत बसली होती. ती उठून म्हणाली, "मेर्ता, तूही सांग ना काहीतरी. डबे काय द्यायचीस ते तरी सांग."

मेर्ता म्हणाली, "कॉफी गार होतेय." आणि ती कप भरू लागली.

अंड्यांची ताटे संपली. लोकांनी हिल्डिंगच्या पाठीवर थापा मारल्या. परतताना मी मोटारीच्या मागच्या सीटवर रिकाम्या ताटांत पडलो होतो. घरी आल्यावर मेर्ताने मला टेबलावर ठेवले आणि विचारले, "कोणाची मदत लागली नाही?"

"अगं, गंमत होती ती. लोकांना हसवावं लागतं."

"हसले लोक," ती म्हणाली.

त्याचे जेवण ती पूर्वीसारखेच करत राहिली. पण त्या शरदात तिने शेजारणीकडून पीठ आणले, मला काखेत घेतले आणि भट्टीघरातली भट्टी पेटवली. दिवसभर आम्ही दोघे काम करत होतो. हात विसरले नव्हते. पहिली भाकरी निघाली तेव्हा ती भट्टीसमोरच्या बाकावर बसली, भाकरीवर लोणी लावले आणि सावकाश सगळी खाल्ली. खाताना ती रडत होती. पुढची कणीक लाटायला घेतली तेव्हा डोळे कोरडे होते.

तिने भाकऱ्या गावात वाटल्या आणि आपल्यापुरत्या डब्यात ठेवल्या. हिल्डिंगला तिने एवढेच सांगितले की डबा माझा आहे, तुझे जेवण ताटात आहे. काही दिवस त्याने हात लावला नाही. मग एक कोपरा मोडला. मग अर्धी घेतली. मग बटाटे आले, मग काकवी. मेर्ताने अडवले नाही. ती किती अडवणार होती? माणसाने एकदा ठरवले की कोणाची मदत लागत नाही, असे त्याने स्वतःच भर सभेत सांगितले होते.

साखर पुन्हा चढली. आणि मग मेर्ताने दुकानात दोन बायकांचे बोलणे ऐकले. त्यांना ती शेल्फाच्या पलीकडे आहे हे दिसत नव्हते. एक म्हणत होती, मेर्ताने पुन्हा भट्टी पेटवली म्हणे. दुसरी म्हणाली, बिचारा हिल्डिंग, एवढे कष्टाने कमावले होते, घरातल्याच माणसाने पाय ओढले. मेर्ता सामान तिथेच ठेवून घरी आली आणि तिने हे सगळे हिल्डिंगला जसेच्या तसे सांगितले. त्यांना तू काय सांगणार आहेस, असे विचारले.

तो वर्तमानपत्र वाचत होता. म्हणाला, "लोक बोलतात. आणि तसं बघितलं तर भट्टी तूच पेटवलीस की."

मित्रांनो, साखर उतरली तेव्हा ती त्याच्या मनाने उतरली होती. चढली तेव्हा ती तिच्या भाकरीने चढली. मी लाकडाचा आहे, मला फार समजत नाही, पण हा हिशेब मला आजही पचलेला नाही.

मेर्ताने पेटी भरली. गुन्वर समुद्रकाठच्या शहरात एकटी राहायची, तिच्याकडे ती निघाली. जाताना म्हणाली, "अंडी खालच्या फळीवर आहेत. कोबी तळघरात. गोळ्यांचं मायलिसला विचारत जा. आणि तळवे रोज बघ, हिल्डिंग. आरसा जमिनीवर ठेवून बघ." मला तिने उचलले, क्षणभर हातात तोलले, आणि परत टेबलावर ठेवले. पेटीत जागा नव्हती, असे मी स्वतःला सांगितले.

त्यानंतरचे दिवस मला सांगवत नाहीत. कोबी तळघरात सडला. हिल्डिंग तयार जेवणाची खोकी आणायचा, गोड पाव आणायचा, आणि टीव्हीसमोर खायचा. निवृत्त झाला होता, परवान्याची भीती आता नव्हती. मला त्याने चुलीच्या वरच्या फळीवर टाकले, आणि तिथल्या कोरड्या उष्णतेने मला चीर पडली. मायलिस फोन करायची, तो सांगायचा, सगळे उत्तम आहे. हिवाळ्यात त्याच्या बुटात एक खिळा वर आला होता. तो त्याला टोचत राहिला आणि त्याला कळले नाही. आरसा कपाटात होता. घरात वास येऊ लागला तेव्हा त्याला वाटले उंदीर मेला असेल.

शहरातल्या इस्पितळात त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग काढावा लागला.

तो कुबड्या घेऊन घरी आला त्यानंतर थोड्याच दिवसांत मेर्ता लहानशी पेटी घेऊन आली. तिला मायलिसने कळवले होते. तिने कोट काढला नाही. स्वयंपाकघरभर नजर फिरवली, खोक्यांचा ढीग बघितला, मग त्याच्या पायाच्या पट्टीकडे बघितले. हिल्डिंग खुर्चीत बसला होता. तो एकदम म्हणाला, "तू गेलीस म्हणून हे झालं. तू असतीस तर माझा पाय शाबूत असता."

मेर्ता खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"म्हणजे इतकी वर्षं तो माझ्यामुळे शाबूत होता," ती म्हणाली. "हे तू आज पहिल्यांदा बोललास, हिल्डिंग. आणि तेही आरोप करायला."

तो मोठ्या आवाजाचा माणूस आपल्या कुबड्यांकडे बघत राहिला. काही वेळाने त्याने विचारले की ती परत येणार का. ती नाही म्हणाली. रागाने नाही, घड्याळात किती वाजले ते सांगावे तसे म्हणाली. मग उठली, कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "ऊठ. पातेलं घे. अंडं कसं उकडतात ते दाखवते. एकदाच दाखवणार आहे."

संध्याकाळपर्यंत तिने त्याला अंडी, मासा आणि कोबी शिकवला. आरसा कपाटातून काढून जमिनीवर ठेवला. निघताना तिने मला फळीवरून खाली घेतले, चिरेवर अंगठा ठेवला, आणि या वेळी पेटीत घातले.

आता मी गुन्वरच्या घरात आहे. भट्टी नाही, लहानशी विजेची शेगडी आहे, तिच्यावर तव्याएवढी भाकरी होते. चीर पिठात उमटते, म्हणून मेर्ता मला हळू फिरवते. मायलिसचा फोन येतो. हिल्डिंग आता स्वतः रांधतो, साखर उतरते आहे. मला त्याचा आनंद आहे. पण मायलिसने आणखी एक सांगितले. गावात लोक म्हणतात, बघा, बायको टाकून गेली तरी बिचारा एकट्याने सगळे करतो. हे ऐकून मेर्ताने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने भाकरी उलटली. भाकरी करपू नये म्हणून.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी तरी आजारातून उठेल. आजोबा असतील, बाबा असतील. लोक अभिनंदन करायला येतील, बैठकीत बसतील, किती मनावर घेतलेत म्हणून कौतुक करतील. त्या वेळी तुम्ही एक काम करा. उठून स्वयंपाकघरात जा, तिथे जी व्यक्ती ओट्याशी उभी असेल तिच्या हातातले काम घ्या, तिला बाहेर सगळ्यांच्या मध्ये आणून बसवा, आणि तिचे नाव मोठ्याने घ्या. दुसऱ्या दिवशी नको. लोक बसलेले असतानाच.